अंगणातली जाखडी आणि रंगमंचावरची जाखडी

(रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की जाखडीवर व्याख्यान कशाला? ती बघायची गोष्ट आहे. बरोबर आहे. पण गेली काही वर्षं गणपतीत कुठल्याही वाडीत गेलं की जाखडीवरून वाद ऐकू येतो. साठीच्या पुढची माणसं म्हणतात, "ही जाखडीच नव्हे." विशी-पंचविशीतली मुलं म्हणतात, "मग आम्ही नाचायचंच नाही का?" दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि दोन्ही बाजूंना नेमकं काय बदललंय ते सांगता येत नाही. म्हातारे कपड्यांवर घसरतात, तरुण गर्दीचे आकडे सांगतात. आज आपण तेवढंच बघायचं आहे. जुन्यात आणि नव्यात फरक नक्की कुठे आहे?

आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी काही जण एका स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. स्पर्धेचं नाव महत्त्वाचं नाही. गुणपत्रिका छापील होती. वेशभूषा, रचना, एकसारखेपणा, सादरीकरण, असे रकाने होते. एक मंडळ आलं, सगळे पन्नाशीच्या पुढचे. पांढरे सदरे, धोतरं, डोक्याला फेटे. मध्ये बुवा आणि मृदंगवाले उभे राहिले आणि भोवती गोल करून गडी नाचायला लागले. आता गोल म्हटल्यावर अर्ध्या माणसांची पाठ आमच्याकडे येणारच! आम्ही 'सादरीकरण' या रकान्यात गुण कापले. शेरा लिहिला, "प्रेक्षकांकडे पाठ." ते मंडळ खालून दुसरं आलं. पुढच्या वर्षी ते आलंच नाही. खूप दिवसांनी आमच्या डोक्यात उजेड पडला, की आम्ही जाखडीला जाखडी असण्याबद्दल शिक्षा केली होती. आजचं बोलणं तिथून सुरू झालंय असं समजा.

तर आधी जुनी जाखडी. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत आहे, पण ऑनलाइन ऐकणारी मंडळी नागपूर-नाशिकची पण आहेत, म्हणून थोडं सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड-दापोलीपासून खाली लांजा-राजापुरापर्यंत, गौरी-गणपतीच्या दिवसांत पुरुषांचा हा नाच होतो. मुख्यत्वे कुणबी समाजाने तो जपला. भाताची लावणी आटोपली, श्रावण लागला, की रात्री जेवणं झाल्यावर एखाद्याच्या पडवीत तालमी सुरू व्हायच्या. भाद्रपदात घरोघरी जाऊन गणपतीपुढे नाच करायचा. घरवाला नारळ, पानसुपारी, जमेल ती बिदागी देणार. मग पुढचं घर. अंगण शेणाने सारवलेलं, वर पावसासाठी मांडव, कंदील किंवा पेट्रोमॅक्स टांगलेला. मध्यभागी गाणारे बुवा, मृदंग नाहीतर ढोलकी, झांज. भोवती आठ-दहा-बारा गडी. पायात चाळ, म्हणजे घुंगरांची माळ, आणि ती बहुतेक ठिकाणी एकाच पायात, उजव्या.

नावाबद्दल दोन शब्द. जाखडी हा शब्द 'जखडणे'पासून आला असं सांगतात, माणसं एकमेकांत साखळीसारखी जखडलेली म्हणून. मुंबईकर याला 'बाल्या डान्स' म्हणतात. कोकणातून मुंबईला घरकामाला गेलेल्या गड्यांच्या कानात बाळी असायची, म्हणून मालकांनी त्यांना 'बाल्या' म्हटलं आणि त्यांच्या नाचाला बाल्याचा नाच, अशी हकीकत आहे. हे नाव आता पोरं टी-शर्टवर छापतात, अभिमानाने. पण ज्यांना कुणाच्या तरी घरात 'ए बाल्या' म्हणून हाक ऐकावी लागली, त्या पिढीतल्या कित्येकांना ते अजून टोचतं. आम्ही जाखडीच म्हणतो.

आता यात शक्ती-तुरा कुठून आला? कलगी-तुरा ही शाहिरांची जुनी परंपरा. पेशवाईच्या काळात महाराष्ट्रातल्या शाहिरांत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष होते. उत्तरेतही ही परंपरा आहे. राजस्थानात चितोडकडे 'तुर्रा-कलंगी' नावाचं लोकनाट्यच आहे. तिथे कथा सांगतात ती तुकनगीर नावाचे गोसावी आणि शाह अली नावाचे फकीर या दोघांची. चंदेरीच्या राजाने दोघांचा वाद ऐकून आपल्या पगडीवरचा तुरा एकाला आणि कलगी दुसऱ्याला दिली म्हणे. तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला मोठं मानतात. कलगीवाले शक्तीला, आदिमायेला. आपल्याकडे कलगीवाल्यांना सरळ शक्तीवाले म्हणायची पद्धत पडली, म्हणून शक्ती-तुरा. एका पक्षाने पुराणातलं कोडं घालायचं, दुसऱ्याने त्याचं उत्तर गाण्यातून द्यायचं आणि आपला सवाल टाकायचा. आधी गण, मग गौळण, मग सवाल-जवाब. आज वर्तमानपत्रांत दोन पुढारी भांडले की 'कलगीतुरा रंगला' असा मथळा देतात, त्या बातमीदारांना या नाचाची किती कल्पना असते देव जाणे.

म्हणजे जाखडी हा नाच आणि शक्ती-तुरा हा गाण्यातला वाद. कोकणात ही दोन्ही एकत्र आली. गाणारा वाद घालतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरत त्याची झील धरतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा फरक इथूनच निघतो.

आता त्या गोलाकडे नीट बघू या. (इथे एका जुन्या घरगुती चित्रफितीचा तुकडा दाखवला.)

काय दिसलं? गडी आत बघतायत. प्रत्येकाला बुवांचं तोंड दिसतंय, मृदंगवाल्याचे हात दिसतायत. आणि मृदंगवाल्याला? त्याला सगळ्यांचे पाय दिसतायत. गाणं सुरू होतं तेव्हा लय संथ असते. पाऊल आत, पाऊल बाहेर, कमरेतून वाकणं, उठणं, मग गिरकी. पाय जमिनीवर आपटला की चाळ वाजते. चाळ एकाच पायात, म्हणून तिचा आवाज फक्त ठरलेल्या पावलावर येतो. दहा माणसं बरोबर असतील तर एकच आवाज येतो. एकजण चुकला तर तो लगेच ऐकू येतो, बघायची गरज नाही. मृदंगवाला तो आवाज ऐकतो. पाय जमलेत असं वाटलं की लय थोडी चढवतो. पाय त्याच्या मागे गेले की आणखी चढवतो. एखादा म्हातारा गडी धापा टाकायला लागलेला दिसला की तिथेच धरून ठेवतो. बुवा हे बघून शेवटची ओळ आणखी दोनदा म्हणायची की आवरतं घ्यायचं ते ठरवतात.

म्हणजे हे एक गोल संभाषण आहे. हात पायांना सांगतात, पाय हातांना सांगतात, आणि बुवा दोघांच्या मध्ये. यात प्रेक्षक कुठे आहे? आहे, ओटीवर बसलाय, मांडवाच्या खांबाला टेकून उभा आहे, चारी बाजूंनी आहे. पण नाच त्याच्यासाठी वळत नाही. या नाचाला पुढची बाजूच नाही.

आणि अंगण केवढं असतं? दहा-बारा माणसांचा गोल मावला की बास. गोल लहान, म्हणून पाऊल लहान. हात फार लांब टाकले तर शेजाऱ्याला लागतील. जमीन सारवलेली, पावसात थोडी ओली, म्हणून उड्या नाहीत, पाय दाबून टाकायचा. जुन्या जाखडीचं ते वजनदार, खाली बसलेलं अंग आपण 'शैली' म्हणून कौतुकाने सांगतो ना, ते निम्मं तरी अंगणाच्या मापाने आणि शेणाच्या सारवणाने घडवलंय.

आता मुंबई.

रत्नागिरीचा माणूस गिरणीत गेला, परळ-लालबागच्या खोल्यांत राहिला, आणि जाखडी त्याच्याबरोबर गेली. चाळीच्या चौकात गोल मावत होता. पण गावकऱ्यांची मंडळं झाली, गावच्या देवळासाठी, शाळेसाठी, रस्त्यासाठी पैसे उभे करायचे झाले, तेव्हा तिकीट लावून शक्ती-तुऱ्याचे सामने ठेवायला सुरुवात झाली. परळचं दामोदर नाट्यगृह हे त्याचं हक्काचं ठिकाण होतं. १९२२ सालचं ते नाट्यगृह आता पुनर्विकासात गेलं. कोकणातल्या किती गावांच्या सभामंडपांचे पत्रे तिथल्या तिकिटांतून आलेत याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. शक्ती-तुरा रंगमंचावर गेला तो हौसेने नाही गेला, गावाच्या कामासाठी गेला. म्हाताऱ्यांनी टीका करताना हे विसरू नये.

पण नाट्यगृहात गेल्याबरोबर काय झालं? प्रेक्षक एकाच बाजूला बसला. तिकीट काढून बसला. त्याला पाठी दाखवून कसं चालेल? म्हणून पहिल्यांदा गाणारे-वाजवणारे मधून उठून मागे गेले. मग गोलाची अर्धी कड उघडली, त्याचा अर्धगोल झाला. मग ओळी झाल्या. आता पुष्कळ मंडळांत गडी प्रेक्षकांकडे तोंड करून नाचतात आणि मधूनच आठवण म्हणून एक गोल मारतात.

याच्यामागे सगळं आपोआप येतं बघा. गड्यांची पाठ आता वाजवणाऱ्यांकडे. वाजवणाऱ्याला पाय दिसत नाहीत. माइक आणि स्पीकर असल्यामुळे चाळेचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग लय पायांकडे बघून चढवणं शक्यच नाही, ती आधी ठरवून घ्यावी लागते. ठरवलेलीच लय असेल तर ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड त्यात चपखल बसतात. तालीम मोबाइलवरच्या गाण्यावर करता येते. मोबाइलवर तालीम करायची तर गाण्याची चाल सगळ्यांना पाठ असलेली बरी, म्हणून सिनेमाची चाल. आणि प्रेक्षक पंचवीस-तीस हात लांब बसलाय, त्याला लहान पाऊल दिसत नाही. म्हणून हात मोठे, उड्या मोठ्या, आणि मग एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरे. कपड्याला झालर, चमकी, जाकिटं, कारण वरून रंगीत दिवे पडतात आणि पांढऱ्या सदऱ्यावर ते दिवे नुसतेच सांडतात.

लोक म्हणतात, ऑक्टोपॅडने जाखडी बिघडवली, सिनेमाने बिघडवली. आमचं मत असं आहे की ही सगळी मागाहून आलेली पावलं. पहिलं पाऊल होतं बुवांचं मधून उठणं. तुम्ही उद्या ऑक्टोपॅड काढून मृदंग ठेवा, झालरी काढून धोतरं नेसवा, पण तोंड प्रेक्षकांकडेच ठेवा. ती जुन्या कपड्यातली नवी जाखडी होईल. सरकारी कार्यक्रमांत जी 'पारंपरिक' म्हणून दाखवतात ती पुष्कळदा हीच असते. उलट, पोरांनी जीन्स घालून अंगणात आत तोंड करून नाच केला, तर आम्ही त्याला जुनी जाखडी म्हणू. इथे काही जणांच्या भुवया वर गेल्या. जाऊ देत.

आणखी दोन कारणं थोडक्यात सांगतो, म्हणजे सगळा दोष कुणाच्या आवडीनिवडीवर येणार नाही. एक, वेळ. पूर्वी सामना रात्रभर चालायचा, कोंबडा आरवेपर्यंत सवालाला जवाब द्यायला अवकाश होता. नाट्यगृहाची वेळ मोजलेली. आणि गावातसुद्धा, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. नियम चांगलाच आहे, आजारी माणसाला विचारा. पण तीन तासांत दोन पक्षांनी गण, गौळण, सवाल-जवाब सगळं उरकायचं म्हटल्यावर पुराणातलं कोडं उलगडायला वेळ कुठला? मग उरतो टोमणा. समोरच्या शाहिरावर, त्याच्या गावावर, कधीकधी त्याच्या घरच्या बायांवरसुद्धा. टाळ्या लगेच पडतात. यूट्यूबवर तेवढाच तुकडा कापून टाकला जातो आणि तोच फिरतो. नाचाच्या बदलाचं आम्हाला फारसं दुःख नाही, याचं मात्र आहे.

दुसरं, माणसं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि तो संप कधी धड संपलाच नाही. परळ-लालबागला एका हाकेत जमणारी माणसं पुढे नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवलीला पांगली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, येणं सोपं झालं, पण सुटी पाच दिवसांची. गावात उरलेली माणसं एवढी कमी, की काही वाड्यांत गोल पुरा होत नाही. सहा माणसांचा गोल होतो म्हणा, पण त्यात मजा नाही, दोघांमधलं अंतर वाढतं आणि साखळी तुटल्यासारखी दिसते. चाकरमानी आल्याशिवाय नाच नाही, आणि चाकरमान्याची तालीम झालीय विरारच्या एखाद्या हॉलमध्ये, मोबाइलवर. तो अंगणात येऊन मृदंगवाल्याकडे बघणार तरी कसा? त्याला ती सवयच लागलेली नाही.

आता थोडं लांब जाऊ. फार लांब, अर्जेंटिनाला. हसू नका, कारण आहे.

टँगो नाच तुम्ही सिनेमात पाहिला असेल. बाई एकदम मागे कलते, पाय हवेत, पुरुष गुलाब तोंडात धरून, वगैरे. आपल्याला वाटतं हाच टँगो. पण टँगो जन्मला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्युनोस आयरेस आणि माँटेव्हिडिओ या बंदरांत. इटली-स्पेनहून पोटासाठी आलेले लोक, आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ताल, एका खोलीत चार-चार माणसं राहणाऱ्या चाळी. हे आपल्याला अगदीच अनोळखी वाटायला नको. तिथला जुना, लोकांनी लोकांसाठी नाचायचा टँगो कसा आहे? जोडपी एकमेकांना मिठीत घेऊन, सगळी मिळून दालनाभोवती गोल फिरतात, घड्याळाच्या उलट दिशेने. पुढच्याला ओलांडायचं नाही, मागच्याला अडवायचं नाही. गर्दीच्या जागी छातीला छाती लागलेली आणि पाऊल अगदी छोटं. लाथ मारल्यासारखा पाय उंच उडवला तर शेजारच्या बाईच्या पोटरीला लागेल. प्रेक्षक नाहीच, किंवा आहे तो खुर्चीवर बसून आपली पाळी येण्याची वाट बघणारा.

मग १९८३ साली पॅरिसमध्ये 'तांगो अर्हेंतिनो' नावाचा रंगमंचीय कार्यक्रम झाला, दोन वर्षांनी तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेला. जगभर लोक वेडे झाले. रंगमंचावर मिठी उघडली, पावलं लांब झाली, पाय हवेत गेले, आणि सगळं प्रेक्षकांकडे वळलं. १९९० च्या दशकात गुस्ताव्हो नावेइरा, फाबियान सालास यांच्यासारख्यांनी बसून प्रत्येक हालचाल सुटी करून तपासली, ही हालचाल दुसऱ्या बाजूने केली तर काय होईल असं शोधून काढलं, त्याला लोकांनी 'नवा टँगो' नाव दिलं. नावेइराचं स्वतःचं म्हणणं असं की नवा टँगो ही नाचायची वेगळी शैली नाही. आणि गंमत बघा, गर्दीतल्या त्या मिठीतल्या जुन्या नाचाला 'मिलोंगेरो शैली' असं नाव पडलं तेही त्याच १९९० च्या दशकात, शिकवणाऱ्यांनी ते रूढ केलं. तोवर नाचणाऱ्यांना तो नुसता टँगो होता. नवं आलं की मगच जुन्याला नाव लागतं. आपल्याकडेसुद्धा 'पारंपरिक जाखडी' हा शब्द आमच्या आजोबांनी कधी उच्चारला नसणार.

तिथेही भांडणं झाली, आपल्यासारखीच. पण त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. २००३ पासून ब्युनोस आयरेसला टँगोची जागतिक स्पर्धा भरते, तिच्यात दोन वेगळे गट आहेत. एक रंगमंचाचा, 'एसेनारियो'. तिथे उड्या मारा, उचला, फेका, काय हवं ते करा. दुसरा 'पिस्ता', म्हणजे नाचाच्या फरशीचा. त्यात अनेक जोडपी एकाच वेळी उतरतात, गोल फिरतात, संगीत चालू असताना मिठी सोडायची नाही, उडी मारायची नाही. कोण कुणाच्या वाटेत आलं, कोण गर्दीत नीट वाट काढत गेलं, हे परीक्षक बघतात. स्पर्धा आहेच, प्रेक्षकही आहेत, पण नाच त्यांच्याकडे वळवायची सक्ती नाही. २००९ साली युनेस्कोने टँगोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांचा मिळून.

फरक आहेच. टँगो जोडीचा, जाखडी पुरुषांच्या घोळक्याची. टँगोत देव नाही, आपल्याकडे गणपती समोर बसलेला. तुलना ओढूनताणून करायची नाही. पण ते जे दोन गट आहेत, ते बघून आमच्या मनात आलं की आमच्या त्या गुणपत्रिकेत असाच एक गट असता तर त्या पन्नाशीच्या मंडळाला आम्ही काय दिलं असतं?

म्हणून आमची सूचना साधी आहे. तालुक्याला, जिल्ह्याला ज्या स्पर्धा होतात त्यांत 'रंगमंच' आणि 'अंगण' असे दोन गट करा. अंगणाचा गट रंगमंचावर घ्यायचाच नाही. खाली मैदानात चुन्याने गोल आखा, प्रेक्षक चारी बाजूंना बसवा, परीक्षकांनाही चार बाजूंना बसवा. माइक फक्त बुवांना, चाळेला नाही. रकाने बदला: चाळ एका आवाजात पडते का, लय किती समंजसपणे चढते, झील कशी धरली जाते, सवालाला उत्तर मिळालं का. वेशभूषेला गुण नकोत. याला पैसे लागत नाहीत, चुना लागतो.

यावर एक आक्षेप आम्हाला आधीच माहीत आहे, की बक्षिसासाठी केलेली अंगणातली जाखडी ती पण खोटीच. थोडी खोटी असेल. पण आज दहावीतल्या मुलाने गोल बघितलेलाच नसतो, स्नेहसंमेलनातल्या ओळीच बघितलेल्या असतात. त्याने एकदा तरी मृदंगवाल्याच्या हाताकडे बघत पाऊल टाकावं, एवढ्यासाठी थोडा खोटेपणा आम्ही पत्करू.

नमनाबद्दल थोडंच सांगतो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. शिमग्यातल्या खेळ्यांचंही असंच झालंय. काळ्या कपड्यातला, उंच टोपीचा संकासूर आणि स्त्रीवेशातली गोमू अंगणातून, सहाणेवरून रंगमंचावर गेली, 'बहुरंगी नमन' झालं, वगनाट्य मोठं झालं. तिथे मात्र नाटकाचा अंश आधीपासून असल्यामुळे रंगमंच त्याला जाखडीएवढा परका पडला नाही, असं आम्हाला वाटतं.

आणि नव्यातलं एक आम्हाला मनापासून आवडतं. बायकांची मंडळं. गौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी बायकांची आणि जाखडी पुरुषांची, ही वाटणी आपण देवाने केल्यासारखी धरून बसलो होतो. आता मुली जाखडी नाचतात, बाया शाहीर म्हणून सवाल टाकतात. एका सामन्यात शक्तीची बाजू बाईने मांडताना आम्ही ऐकली. आदिमाया श्रेष्ठ की नाही हा वाद इतकी वर्षं दोन्हीकडून पुरुषच घालत होते, हे त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यातली दोन इथे देत आहोत.)

प्रश्न : बुवा मधून उठले म्हणून सगळं बदललं म्हणता. मग रंगमंचावरच बुवांना मध्ये बसवलं तर?

उत्तर : करून बघितलंय. एका मंडळाला आम्ही विनंती केली होती. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकांतून आवाज आला, "बुवा दिसत नाय!" तिकीट काढलेल्या माणसाचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. नाट्यगृहाची खुर्ची एकाच दिशेला बघते. म्हणूनच आमचं म्हणणं, रंगमंचाला जुनं व्हायला लावू नका. त्याला त्याच्या पद्धतीने चांगलं होऊ दे, मनोरे पण नीट रचू देत, खाली गादी घाला म्हणजे झालं. दरवर्षी कुणीतरी हात मोडून घेतोच.

प्रश्न : आमच्या वाडीत या वर्षी सातच गडी आहेत. अंगणात नाच करायचा की नाही?

उत्तर : करा. गोल लहान करा, म्हणजे अंतर वाढणार नाही. मृदंगवाल्याला एक पाऊल पुढे घ्या. आणि शेजारच्या वाडीत पाच असतील तर त्यांना विचारा. पूर्वी दोन वाड्यांचं पटत नसे म्हणून दोन मेळे असायचे, आता तेवढं भांडण परवडत नाही. तालीम कधीपासून सुरू करताय? आम्ही येतो बघायला, फक्त दिवस शनिवार-रविवार सोडून ठेवू नका, म्हणजे मुंबईची पोरं पण येतील.